अमेरिकेतील गांजाचे कायदे आणि मजूर

आपल्याकडे गांजा म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो चिलीम ओढणारा बैरागी. अमेरिकेत हीच वस्तू 'मारिहुआना' या मेक्सिकन नावाने कायद्याच्या पुस्तकात शिरली आणि तिच्याबरोबर लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो बीटाच्या आणि कापसाच्या शेतात राबणारा मेक्सिकन मजूर. म्हणून या कायद्यांचा इतिहास मी झाडापासून सुरू न करता मजुरापासून सुरू करणार आहे. शिक्षा किती द्यायची हे तेथे गांजाच्या वजनापेक्षा तो कोणाच्या खिशात सापडला यावरून अधिक ठरत आले, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा सबंध देशाला एकच आहे. अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्याचा. संघराज्याचा कायदा वर असतोच; पण रस्त्यावर माणसाला पकडणारा पोलीस बहुधा शहराचा किंवा परगण्याचा आणि शिक्षा देणारे न्यायालय राज्याचे.

कॅलिफोर्नियाने १९१३ साली आपल्या विषविषयक कायद्यात गांजा घातला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९११ साली, त्या राज्याच्या औषधी मंडळाचे एक सभासद हेन्री फिंगर यांनी वॉशिंग्टनला एक पत्र लिहिले होते. त्यात त्यांची तक्रार कोणाविरुद्ध होती? मेक्सिकनांविरुद्ध नव्हे, तर 'हिंदूं'विरुद्ध! हे नको असलेले लोक वर्षभरात फार आले असून त्यांच्यामुळे गांजाला मागणी वाढली आहे, असा त्यांचा मथितार्थ. हे 'हिंदू' म्हणजे बहुतांशी पंजाबातून गेलेले शीख शेतकरी, ज्यांच्या धर्मात तंबाखूदेखील वर्ज्य! केवळ या एका पत्रामुळे कायदा झाला असे मी म्हणणार नाही. पण हवा कोणती होती ते त्यावरून कळते. आपल्याकडे परक्या सरकारनेसुद्धा १८९३-९४ साली या विषयावर आयोग नेमून ११९३ साक्षी नोंदविल्या आणि माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला होता. तिकडे ऐकीव गोष्टींवर काम भागले.

येथे एक कडू गोष्ट सांगणे मला भाग आहे, कारण मी कामगार संघटनेचा माणूस आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर आशियाई मजुरांना हाकलण्यासाठी १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जी लीग स्थापन झाली, ती उभारण्यात गोऱ्या कामगार संघटनांचे पुढारीच आघाडीवर होते. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी जमावाने सॉमिलमध्ये काम करणाऱ्या हिंदी मजुरांना त्यांच्या बिऱ्हाडांतून ओढून गावाबाहेर घालविले. कमी मजुरीवर राबतात हा त्यांचा गुन्हा! मालकाशी भांडून त्यांची मजुरी वाढवून घ्यावी, हे त्या पुढाऱ्यांना सुचले नाही. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात या किनाऱ्यावर शिकत होते. या मजुरांत ते वावरले आणि पुढे गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

१९१० नंतर मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री सुरू झाली आणि तेथील लोक पोटासाठी उत्तरेकडे येऊ लागले. १९१७ साली कोलोरॅडोने आणि १९१९ साली टेक्ससने गांजाविरुद्ध कायदे केले. स्वस्त मजूर हवा होता तोवर मेक्सिकन चालला. १९२९ नंतर मंदी आली, काम संपले, आणि लाखो माणसे सीमेपार पाठविण्यात आली. १९३० पासून संघराज्याच्या अमली पदार्थ खात्याचे प्रमुख असलेले हॅरी ॲन्स्लिंगर यांनी गांजा ओढून माणूस खुनी बनतो असा प्रचार चालविला. १९३७ साली काँग्रेसने कायदा केला तो मात्र कराच्या रूपाने, कारण सरळ बंदी घालण्याचा आपला अधिकार न्यायालयात टिकेल की नाही, याची सरकारला खात्री नव्हती. नोंदणी असलेल्याशी व्यवहार केला तर औंसाला १ डॉलर कर, नोंदणी नसलेल्याशी केला तर १०० डॉलर. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने डॉ. वुडवर्ड यांनी विरोध केला, पण तो कोणी मनावर घेतला नाही. पक्ष्यांचा दाणा विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी मात्र तक्रार करताच न उगवणाऱ्या बियांना सूट मिळाली. व्यापाऱ्यांच्या पाखरांना वाली होता, एवढेच म्हणायचे!

त्याच ऑक्टोबरात डेन्व्हरच्या न्यायालयात सॅम्युएल कॉल्डवेल याला विक्रीबद्दल चार वर्षांची सक्तमजुरी आणि १००० डॉलर दंड झाला. त्याच्याबरोबर मोझेस बाका याला नुसता गांजा बाळगल्याबद्दल अठरा महिने. १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी संघराज्याच्या शिक्षा आणखी वाढविल्या आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांचा तुरुंग ठरला.

राज्ये याच्याही पुढे गेली. टेक्ससमध्ये १९७३ पर्यंत गांजा कितीही थोडा सापडला तरी दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येई. ह्यूस्टनमधील ली ओटिस जॉन्सन हा निग्रो विद्यार्थ्यांचा संघटक. १९६८ साली, साध्या वेषातील पोलिसाला गांजाची एक सिगारेट दिली या आरोपावरून त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. एक सिगारेट, तीस वर्षे! चळवळीतल्या माणसाला त्याच्या भाषणाबद्दल पकडता येत नाही, तेव्हा त्याचा खिसा तपासला जातो. हे आम्हा संघटनावाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या सुटकेसाठी विद्यार्थी गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ यांच्यापुढे 'फ्री ली ओटिस' अशी घोषणा देऊ लागले, तेव्हा गव्हर्नरसाहेबांना ती 'फ्रिहोलेस', म्हणजे मेक्सिकन घेवडा, अशी ऐकू आली असे सांगतात. मुलांना घेवडा कशाला हवा, हे कोडे त्यांना पडले. ली ओटिस १९७२ साली सुटला. मिशिगनमध्ये जॉन सिंक्लेअर या कवी-कार्यकर्त्याला दोन सिगारेटींबद्दल १९६९ साली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली होती. त्याच्यासाठी १९७१ च्या डिसेंबरात मोठी सभा भरली, जॉन लेनन तेथे गायिला, आणि तिसऱ्या दिवशी सिंक्लेअर बाहेर आला.

मग कायदा सौम्य का झाला? माझे उत्तर सरळ आहे. १९६५ च्या पुढे कॉलेजांतील गोरी, सुखवस्तू घरची मुले पकडली जाऊ लागली. वकिलांची, डॉक्टरांची, आमदारांची मुले! १९७० साली संघराज्याच्या कायद्यात किमान शिक्षा गेली. १९७२ साली पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर शेफर यांच्या आयोगाने स्वतःपुरता गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये अशी शिफारस केली. अध्यक्ष निक्सन यांनी ती धुडकावली. राज्ये मात्र थांबली नाहीत. १९७३ साली ओरेगनने एका औंसाच्या आतील गांजाला केवळ १०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. टेक्ससनेही त्याच वर्षी दोन औंसांपर्यंत सहा महिन्यांची मर्यादा घातली. १९७८ पर्यंत ओरेगनसारखा मार्ग धरणारी राज्ये ११ झाली.

तथापि पकडण्याची सवय गेली नाही. नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१० सालच्या आकड्यांवरून दाखविले की काळे आणि गोरे सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असता काळ्यांना पकडले जाण्याचा संभव पावणेचारपट होता. २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी प्रौढांना गांजा बाळगण्याची मोकळीक दिली. ज्या डेन्व्हरमध्ये कॉल्डवेलला बेडी पडली, तेथे १ जानेवारी २०१४ पासून दुकानात विक्री सुरू झाली. २०२३ साली ओहायो धरून अशी राज्ये २४ झाली.

खानखोजे वॉशिंग्टन राज्यातील ज्या पुलमन गावी शेतकीचे पुढचे शिक्षण घेत होते, ते गाव आयडाहोच्या सीमेला लागून आहे. आज तेथे एकवीस वर्षांवरील माणूस एक औंस गांजा दुकानातून विकत घेऊन पावती मागू शकतो. तोच पुडा घेऊन आठ मैलांवरच्या आयडाहोतील मॉस्को गावी गेला, तर एक वर्षापर्यंत तुरुंग आणि १००० डॉलरपर्यंत दंड. मधल्या शेतांत मात्र दोन्हीकडे गहूच पिकतो.