ऋषीची भाजी आणि माजघर

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, आजी बैलाच्या कष्टाचं काही खात नसे. परसातलं अळू, लाल माठ, शिराळी, भेंडी, सुरण, मक्याची कणसं असं सगळं एकत्र शिजे. ती ऋषीची भाजी आम्ही पोरं वाट्या वाट्या खायचो. का करतात, हे मात्र विचारायचं नाही.

ते आजीनं पुष्कळ उशिरा सांगितलं. पाळीच्या दिवसांत झालेल्या शिवाशिवीचा दोष फेडायचं हे व्रत. कहाणीतली बाई विटाळ पाळत नाही म्हणून पुढच्या जन्मी कुत्री होते, आणि नवरा बैल होऊन लेकाच्याच शेतात राबतो. "निदान इथं तरी नवऱ्याला वाटेकरी केलंय," आजी म्हणायची.

पाळी गेली की व्रताचं उद्यापन. डॉक्टर सलग बारा महिने पाळी आली नाही की मग रजोनिवृत्ती म्हणतात. आमच्या आळीत ते उद्यापनाच्या बोलावण्यावरून कळे. सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा आटपली, पंगती उठल्या, की बायका माजघरात टेकत आणि खरं बोलणं सुरू होई. कुणी रात्रभर पदरानं वारा घेत बसलेली, कुणाला उगाच रडू फुटणारं. एक म्हणे, सुटले बाई, आता पंढरीच्या वाटेवर कसली धास्ती नाही. आजीच्या थोरल्या जाऊबाई मात्र स्वतःच्या उद्यापनाला जेवल्याच नाहीत. त्यांना मूल नव्हतं.

त्या दोषाच्या कल्पनेची मला चीडच येते. पण माजघर चांगलं होतं. आईच्या पिढीनं व्रत सोडलं, बरंच केलं. त्याबरोबर ती बैठकही गेली. आई पंख्याखाली घामाघूम बसे आणि विचारलं तर "बीपी असेल" म्हणे.

आणि त्या माजघरात तरी सगळ्या कुठे होत्या? व्रतवाल्या घरांचीच ती बैठक. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादमाची उचल फेडायची. पिशवी काढली की पाळी थांबते; तिच्याबरोबर बीजकोशही काढले असतील तर अंगाची लाही, ठिसूळ हाडं हे सगळं तिशी-पस्तिशीतच दारात येतं. त्यांचं कुणी उद्यापन केलं नाही.

बायकांचं बोलणं जमवायची रीत आपल्याला नवी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. आज मंगळागौरीच्या खेळांचे गट गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांत पन्नाशीच्या बायका पिंगा घालताना दिसतात. म्हणून या गटांना माझं सांगणं आहे. यंदा फुगडी आणि झिम्म्याच्या मधे थोडा वेळ पाळी जाण्याच्या गोष्टींना द्या. उखाण्यात सांगा, ओवीत सांगा, नकला करून सांगा. तालमीला घरकामाच्या मावशींनाही बोलवा, आणि गावाकडे असाल तर कारखान्यावरून परतलेल्या बायांना. आधी त्यांना बोलू द्या, आणि त्यांच्या हातातला माईक लवकर काढून घेऊ नका.