वाडी मोजली कुणी?

उल्हासनगर ५,०६,०९८. अंबरनाथ २,५३,४७५. कुळगाव-बदलापूर १,७४,२२६. २०११ च्या जनगणनेचे हे आकडे कुणालाही मिळतात. पण बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की गावापासून सुटी असलेली आपली पाच-पन्नास घरांची वाडी दिसते, पुढे कातकरी-ठाकरांचे पाडे दिसतात. त्यांची लोकसंख्या किती? जनगणनेचं पुस्तक उघडा, सापडणार नाही. कारण जनगणना ग्रामीण भागात महसुली गाव मोजते. वाडीला, पाड्याला वेगळा क्रमांक नाही. वाडीतली माणसं गावाच्या बेरजेत जातात आणि तिथेच विरतात.

कुणी म्हणेल, ही तांत्रिक बाब आहे. आम्हाला ते मान्य नाही. आपली वस्ती गावाबाहेर कुणी नेऊन ठेवली? वेशीच्या आत राहायचं नाही, पण वेसकरी करायची, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, ही व्यवस्था होती. महारवाड्याची जागा हा भूगोलाचा अपघात नव्हता. ज्या गावाने आपल्याला राहायला बाहेर ठेवलं, त्याच गावाच्या नावाखाली मोजताना मात्र आत घेतलं. सोयीचा हिशेब आहे हा!

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी त्यासाठी सेटलमेंट कमिशनच सुचवलं. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी संविधान सभेतही सोडलं नाही. आज स्वतंत्र गावांची मागणी कुणी करत नाही, पण तिच्यामागचा प्रश्न, म्हणजे आपली वस्ती स्वतःच्या नावाने नोंदली जाणार की नाही, हा तसाच आहे.

दुसरी गंमत आकड्यांची. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. धम्मदीक्षेनंतर १९६१ ला ते सत्तावीस लाखांच्या पुढे गेले. एवढी माणसं एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात गेली. त्याची किंमतही मोजली. बौद्ध लिहिलं म्हणून अनुसूचित जातींच्या आकड्यातून ती वगळली गेली. १९८१ मध्ये राज्यात अनुसूचित जाती सुमारे ७ टक्के दिसत होत्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ ला हा आकडा ११ टक्क्यांवर गेला. दहा वर्षांत एवढे लोक कुठून जन्माला आले? ते होतेच. त्याच वाडीत, त्याच घरांत होते. रकाना नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यावीत. आम्ही त्याचं स्वागतच केलं. पण पाटी बदलली म्हणजे सातबारा बदलला का? वाडीची जमीन गावठाणात आहे की गावठाणाबाहेर, हे पाटी सांगत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते ती गावठाणाची. वाडी रेषेच्या बाहेर असेल तर घरांना मिळकत पत्रिका कशी मिळणार? आणि इथे शहर दारापर्यंत आलं आहे. बिल्डर जमीन शोधत येतो तेव्हा तो सातबारा बघतो, भीमनगरची पाटी नाही.

आता २०२७ ची जनगणना आहे, जातींची नोंद होणार आहे. धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची जात, यावर आपल्यात वाद आहेत, ते होऊ द्या. पण त्याआधी एक साधं काम आहे. प्रगणक घरं मोजण्याआधी आपल्या भागाचा नजरी नकाशा काढतो. त्या नकाशावर आपली वाडी तिच्या नावानिशी आहे का, शेवटचं घर सुटलं तर नाही ना, हे त्याच्यासोबत फिरून बघायला आपल्या वाडीतलं कुणीतरी हवं. आणि आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा मागा. वाडीतल्या किती घरांची नोंद त्यात आहे, ते स्वतः मोजा.