घरबसल्या यात्रा : कावड, नकाशा आणि एक चित्रकार



संगणकाच्या पडद्यावर बसल्या जागी जग हिंडवून आणणाऱ्या आभासी प्रवासाचे आज मोठे कौतुक होते. माझे म्हणणे एवढेच, की ही यात्रा नवी नाही. आणि तिचा एक उत्तम पुरावा आपल्या वडोदऱ्यातच घडला आहे.

राजस्थानातील कावड घ्या. शंभू महादेवाला खांद्यावरून पाणी नेणारी आपली कावड ती नव्हे. चितोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार लाकडाचे लहानसे देवघर बनवतात. त्याला बिजागरीची अनेक दारे आणि दारोदारी चित्रे. कावडिया भाट ते घेऊन यजमानाच्या घरी जातो, एकेका चित्रावर बोट ठेवीत कथा सांगतो आणि एकेक दार उघडतो. अखेरच्या दाराआड देव भेटतात. ज्याला तीर्थास जाणे जमत नाही, त्याच्याकडे तीर्थच चालत येते.

दुसरा पुरावा जर्मनीतील एब्स्टोर्फ मठातल्या तेराव्या शतकातील नकाशाचा. बकऱ्यांच्या ३० कातड्यांवर काढलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबी-रुंदीचा. मध्यभागी जेरुसलेम, कडांना ख्रिस्ताचे मस्तक, हात आणि पाय. वाटसरूला रस्ता दाखवणे हा त्याचा हेतूच नव्हता. श्रद्धेने कल्पिलेले जग तो एका दृष्टिक्षेपात उभे करी. १९४३ मध्ये हानोव्हरवरील बाँबवर्षावात तो नष्ट झाला. उरल्या त्या प्रतिकृती.

या दोन्ही परंपरांची गाठ गुलाम मोहम्मद शेख यांनी घातली. सुरेंद्रनगरहून ते १९५५ मध्ये वडोदऱ्याच्या कलाशाखेत आले, तेव्हा चित्रकला विभागाची धुरा इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. पुढे शेख तेथेच अध्यापक झाले. २००२ मध्ये गुजरातेत जातीय हिंसाचाराचा वणवा पेटला. २००३ पासून त्यांची ‘माप्पामुंडी’ ही मालिका आकार घेऊ लागली. हा क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्याला नजरेआड करता येत नाही. त्या जुन्या नकाशाच्या प्रतिमेवर संगणकाची जुळणी आणि हाताचा रंग यांनी त्यांनी नवे जग मांडले. तेथे कबीर, सुवर्णमृगामागे धावणारा राम आणि मग्दालीन मेरी एकाच भूमीचे रहिवासी आहेत. २००८ मध्ये त्यांनी माणूसभर उंचीची कावड उभारली. तिच्या नावात ‘प्रवासी देवघर’ या अर्थाच्या शब्दांपुढे एक साधा शब्द येतो : घर.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांच्या काळात येथे आले. पिढ्या लोटल्या, तरी ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला चुकत नाही. आपल्याला तो बहुधा कुतूहलाने विचारला जातो. काहींना मात्र तो परीक्षेसारखा विचारला जातो. ज्यांच्या घरावर असा प्रश्न येतो, त्यांना कल्पनेतला प्रवास ही करमणूक राहत नाही. सर्वांना सामावणारे घर आधी मनात बांधावे लागते. मगच ते जमिनीवर उभे राहते. साधन लाकडाचे असो वा संगणकाचे, दार उघडणारा हात माणसाचाच असतो.