नवशिक्याचा संकोच आणि एक ग्रंथ

१/ १५८९. फ्रान्समधील लांग्र नगरात 'ऑर्केसोग्राफी' हा नृत्यग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक त्वानो आर्बो. हे टोपणनाव, मूळ नाव जेआं ताबुरो, पेशाने चर्चचे वयोवृद्ध धर्माधिकारी!

२/ ग्रंथ म्हणजे गुरुशिष्यांचा संवाद. शिष्य काप्रिओल कायदा शिकलेला, तलवारबाजीही जाणणारा. परंतु नाच येत नसल्याने तरुणींच्या मेळाव्यात ओशाळणारा.

३/ गुरू धीराने समजावतात. दुहेरी 'ब्रांल' नाचताना हात धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे. स्वरलिपीच्या शेजारीच पावले लिहिलेली. कोणत्या सुरावर कोणते पाऊल, हे डोळ्यांना दिसते.

४/ जाणकारास हे सारे लिहून देण्याची गरज नसते. नवशिक्यासाठी ते लिहिले गेले, म्हणूनच चार शतके उलटूनही ती नृत्ये पुन्हा नाचता येतात.