पानांत राहिलेल्या खुणा

मराठी मुद्रणाच्या इतिहासात छापखाने, टंक आणि प्रकाशक यांची नोंद बरीच झाली आहे. वाचकाची नोंद मात्र तुटपुंजी आहे. जुन्या पुस्तकांच्या अखेरीस आश्रयदात्यांच्या याद्या असतात; पण पुस्तक घेणारा आणि वाचणारा एकच असेल असे नाही. वाचणाऱ्याचा हात प्रत्यक्ष लागल्याचा एक पुरावा आपल्या घरातच असतो. तो म्हणजे पानात खूण म्हणून घातलेली वस्तू.

पोथीला अशा खुणेची गरज कमी होती. तिची पाने सुटी, वाचलेले पान उलटून बाजूला ठेवायचे, पानांवर अंक घातलेले. शिवाय थांबायची जागा ग्रंथातच ठरलेली असे. श्रीधरांच्या ‘हरिविजया’चे ३६ अध्याय, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. चातुर्मासात रोज एक अध्याय वाचणाऱ्याला कालचा आकडा आठवला की पुरे. जुन्या पोथीत कडुनिंबाची पाने किंवा वेखंडाचा तुकडा सापडतो, तो बहुधा कसर लागू नये म्हणून ठेवलेला असतो.

बांधीव पुस्तक आणि गद्य यांनी हे बदलले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. ‘मनोरंजन’ मासिक १८९५मध्ये निघाले आणि त्याचा पहिला दिवाळी अंक १९०९चा. कादंबरी वाचताना अध्याय पुरा करण्याचा नेम नसतो. दूध उतू जाऊ लागले, मूल रडले, की वाक्य अर्धे टाकून उठावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, घरगुती वाचनखुणेचे मूळ पुस्तकाच्या बांधणीइतकेच अर्धवट राहणाऱ्या वाचनात आहे.

या खुणांचे दोन वर्ग पडतात. पहिला, हौसेने तयार केलेल्या. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात भिजवायचे, मऊ भाग कुजला की हलक्या हाताने धुऊन काढायचा आणि उरलेली शिरांची जाळी दोन कागदांत दाबून वाळवायची. मोरपीसही याच वर्गातले. त्याला पिल्ले होतील म्हणून मुले पेन्सिलीची सालपटे शेजारी ठेवत. दुसरा वर्ग, उठताना हाताला लागलेल्या वस्तूंचा. लग्नपत्रिकेची पट्टी, काडेपेटीचे झाकण, दोरा, बसचे तिकीट, पोस्टकार्ड.

संशोधकाला हा दुसरा वर्ग अधिक मोलाचा. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. त्यावरचा टपालाचा शिक्का वाचता आला, तर ते पानात त्या तारखेनंतर गेले एवढे निश्चित होते. रेल्वेचे पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, सुमारे ५७ मिलिमीटर लांब आणि ३० रुंद, खुणेला सोयीचे. पण प्रवास संपताना ते फाटकावर द्यावे लागे. बसचे तिकीट प्रवाशाकडेच राही. म्हणून अमुक वस्तू जास्त सापडते यावरून ती जास्त वापरली जात होती, असे लगेच म्हणता येत नाही.

रद्दीच्या दुकानातून घेतलेली एक कादंबरी माझ्यापुढे आहे. पान ३८वर उदबत्तीच्या पुड्याचा तुकडा, ९४वर लोकरीचा धागा आणि १५१वर वर्तमानपत्रावर कापलेल्या ब्लाऊजच्या बाहीचा बेत, त्याची वळणदार कड शाबूत. पुढे एकही खूण नाही. लाकडाच्या लगद्यापासून केलेला वर्तमानपत्री कागद काळाबरोबर आम्लधर्मी होऊन शेजारची पाने करपवतो. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर त्या बाहीचा तपकिरी डाग उमटला आहे. म्हणजे हा कागद तिथे वर्षानुवर्षे होता. वाचन तिथेच थांबले का? कदाचित उरलेली पाने एका बैठकीत संपली असतील. तो बेत जपून ठेवण्यासाठीही घातला असेल. वाचणारी स्त्रीच होती, असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण घरात शिवण चाले आणि त्याच घरात कादंबरी वाचली जाई, एवढे मानायला जागा आहे. कोणत्याही वर्गणीदार यादीत हे मिळाले नसते.

एका ग्रंथालयात बांधणीला जाणारी पुस्तके पाठ धरून झटकली जाताना मी पाहिली. खाली पडले ते केरात गेले. आम्लधर्मी कागद आणि गंजलेल्या टाचण्या काढायलाच हव्यात, यात वाद नाही. पण राजवाड्यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून घरोघरच्या दप्तरांतल्या कागदांचे मोल आपण जाणतो, पुस्तकांतल्या चिठोऱ्यांना तो मान अजून मिळालेला नाही.

काम थोडे आहे. वस्तू काढण्यापूर्वी पुस्तकाचे नाव, पानाचा अंक आणि वस्तूचे वर्णन लिहावे, ती पाकिटात घालून पाकिटावर तोच अंक टाकावा. घरातल्या पुस्तकांपासून आरंभ करता येईल. बाहीचा तो बेत मी पाकिटात ठेवला आहे. पाकिटावर १५१ लिहिले आहे.