धिटाई आणि गुणाकार

आमच्या शहागंजच्या गल्ल्यांत पोरं टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. अंगावर बसला तरी हसतात. सीझन बॉल मात्र हसू देत नाही. मी कवी माणूस, पण यामागचा हिशेब मलाही कळतो. 1687 साली न्यूटननं गतीचं माप वस्तुमान आणि वेग या दोहोंवर बसवलं. त्या गुणाकाराला आपण संवेग म्हणतो. टेनिसचा चेंडू साधारण 58 ग्रॅमचा, क्रिकेटचा 160 च्या आसपास. वेग सारखाच असला तरी संवेग पावणेतीन पट!

जानेवारी 1981. सिडनीत लेन पास्कोचा चेंडू संदीप पाटील यांच्या कानावर आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. 65 धावांवर त्यांना मैदान सोडावं लागलं. त्याच महिन्यात ॲडलेडला ते हेल्मेट घालून उतरले आणि 174 धावा काढल्या.

हेल्मेट येणाऱ्या चेंडूचा संवेग कमी करत नाही. आघाताला थोडा जास्त वेळ देतं, तो पसरवतं. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेही त्यासाठीच. धिटाई हवीच, पण तिच्यानं गुणाकार बदलत नाही. म्हणून पोराच्या हाती सीझन बॉल देण्याआधी त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवा.