सात टक्क्यांची कुळकथा



आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात दोन नवी कुटुंबं भेटली की गाव, आडनाव आणि मुलांची शाळा एवढं झाल्यावर चौथा प्रश्न ठरलेला: "तुमची तारीख काय?" ही तारीख लग्नाची नव्हे आणि कोर्टाचीही नव्हे. ग्रीन कार्डच्या रांगेत आपला नंबर कधी लागला, ती तारीख. १९७० च्या सुमारास आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, कारण त्यांच्यापैकी बरेच जण ग्रीन कार्ड घेऊनच विमानातून उतरले होते. दोन्ही पिढ्या एकाच देशातून आलेल्या, पुष्कळदा एकाच कॉलेजातून. मग एवढा फरक का? अमेरिकेत सरकारी धोरण कसं शिजतं, आणि कोण कधी त्यात मीठ टाकतं, हे पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. म्हणून हा थोडा लांबलेला लेख.

सुरुवात १९२३ पासून करायला हवी. त्या वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने पुढचं दार लावलं: ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला इथे कायमचं राहायला येता येणार नाही. युरोपियनांना देशवार कोटे दिले, तेही असे की ब्रिटन-जर्मनीच्या पानात भरपूर आणि इटली-पोलंडच्या पानात चटणीएवढं. या कायद्याविरुद्ध हाऊसमध्ये बोलणाऱ्यांत ब्रुकलिनचे एक नवखे प्रतिनिधी होते, इमॅन्युएल सेलर. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पण सेलर निवडून येत राहिले, आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये जो टिकतो त्याच्याकडे यथावकाश कमिटीचं अध्यक्षपद चालत येतं. १९४६ साली कनेटिकटच्या क्लेअर बूथ लूस आणि सेलर यांच्या नावाचा कायदा झाला. त्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला आणि कोटा दिला: वर्षाला १००. अख्ख्या हिंदुस्थानातून शंभर माणसं! आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त जमतात.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचलं की कायदा संसद करते. इथलं पाहिल्यावर वाटतं, कायदा कमिटी करते आणि संसद त्यावर शिक्का मारते. जुलै १९६३ मध्ये केनेडींनी देशवार कोटे रद्द करण्याचा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवला. नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. प्रस्ताव मात्र गोळीने नव्हे, एका टेबलावर अडला. हाऊसच्या इमिग्रेशन सबकमिटीचे अध्यक्ष होते क्लीव्हलंडचे मायकेल फीगन. मुख्य कमिटीचे अध्यक्ष सेलर, पक्ष दोघांचा एकच, पण दोघांचं जमत नव्हतं. फीगननी विषय पुढे जाऊ दिला नाही, संपलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचं बिल ओहायोच्या एका गृहस्थाच्या टेबलावर पडून राहिलं.

मग १९६४ ची निवडणूक झाली. जॉन्सन प्रचंड बहुमताने आले आणि हाऊसमध्ये त्यांच्या पक्षाच्या २९५ जागा झाल्या. आता फीगनना बिल थांबवणं कठीण होतं, पण वाकवणं शक्य होतं. सरकारी मसुद्यात निम्मे व्हिसे कौशल्यासाठी ठेवले होते. फीगननी उलटापालट केली: नातेवाइकांना सुमारे तीन चतुर्थांश, आणि कौशल्याला दोन वर्ग मिळून वीस टक्के. हिशेब सरळ होता. इथे आधीच युरोपियन जास्त, तेव्हा नातेवाईक बोलावले तर तेही युरोपियनच येतील. कोटे कागदावरून जातील आणि लोकसंख्या होती तशीच राहील. कोटे टिकावेत असं वाटणाऱ्या संघटनाही त्यामुळे निवांत झाल्या. सिनेटमध्ये डर्कसन आणि अर्विन यांनी आपली किंमत वेगळी वसूल केली: अमेरिका खंडातल्या देशांतून येणाऱ्यांवर तोवर आकड्याची मर्यादा नव्हती, ती घालायला लावली. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या आजच्या कित्येक भांडणांचं मूळ त्या तडजोडीत आहे. पण तो वेगळा विषय.

बिल हाऊसमध्ये ३१८ विरुद्ध ९५ आणि सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८ मतांनी पास झालं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी जॉन्सननी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली आणि भाषणात सांगितलं की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. त्याआधी १९६४ मध्ये रॉबर्ट केनेडींनी हाऊसच्या कमिटीपुढे अंदाज दिला होता की आशियाच्या त्या भागातून पहिल्या वर्षी पाचेक हजार लोक येतील, नंतर ओघ आटेल. खोटं बोलले असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्यापुढे जे आकडे होते त्यांवरून तसंच दिसत होतं. प्रयोगशाळेतही असंच होतं. मिश्रणात काय आहे ते माहीत असतं, पण कशाची कशाशी प्रक्रिया होईल हे नंतर कळतं. इथे काय झालं, तर त्याच १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला आणि देशाला डॉक्टर कमी पडू लागले. व्हिएतनाम युद्ध आणि अंतराळ कार्यक्रम चालू होते, इंजिनियर हवे होते. नवी पद्धत १ जुलै १९६८ पासून पूर्ण लागू झाली आणि कौशल्याच्या त्या तुटपुंज्या वर्गांतून मुंबई-पुण्याचे डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ उतरू लागले. पुढे त्यांनी फीगनसाहेबांच्याच नातेवाइकांच्या वर्गाने भाऊ-बहिणींना आणलं. युरोपियनांसाठी घातलेल्या मांडवात आपल्या पंगती उठल्या. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, तेही याच पिढीच्या हातून.

याच कायद्यात आपल्या तारखेचं बीज आहे. पूर्व गोलार्धाला वर्षाला १,७०,००० व्हिसे, पण कुठल्याही एका देशाला २०,००० पेक्षा जास्त नाहीत. सगळ्या देशांना समान वागणूक, असं त्यामागचं तत्त्व. शंभराच्या कोट्यानंतर वीस हजार म्हणजे दिवाळीच! भारत आणि लक्झेंबर्ग यांना एकच माप, यात काही विसंगती आहे हे जाणवण्याइतकी गर्दी तेव्हा नव्हती.

१९९० मध्ये काँग्रेसने हे गणित पुन्हा मांडलं. सिनेटमधून केनेडी आणि सिम्प्सन, हाऊसमधून ब्रूस मॉरिसन. वाटाघाटी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चालल्या आणि २९ नोव्हेंबरला थोरल्या बुशनी सही केली. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० झाली. एका देशाला सात टक्के, म्हणजे ढोबळमानाने ९,८००, आणि त्यात नवरा-बायको-मुलं सगळी मोजायची. दुसऱ्या देशांनी न वापरलेली उरली तर ती रांगेतल्या जुन्यांना. त्याच कायद्याने एच-१बी व्हिसा आणला, वर्षाला ६५,०००. त्याला देशाची मर्यादा नाही! म्हणजे वरून मोठ्या तोंडाचं नरसाळं आणि खाली केसाएवढी तोटी. एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्यांच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं विचारावंसं वाटतं. पण १९९० मध्ये वायटूके आणि इंटरनेटची लाट कोणाच्या स्वप्नात नव्हती.

लाट आली तेव्हा काँग्रेसने नरसाळं रुंद केलं. १९९८ मध्ये आकडा तात्पुरता १,१५,००० वर नेला, २००० मध्ये १,९५,००० वर. दुसरं बिल सिनेटमध्ये ९६ विरुद्ध १ मताने पास झालं आणि हाऊसमध्ये त्याच दिवशी नुसत्या तोंडी मतदानाने. कंपन्यांना माणसं हवी होती, दोन्ही पक्षांना कंपन्या हव्या होत्या. तोटी होती तेवढीच राहिली. मात्र २००० च्या कायद्यात एक दिलासा होता: ग्रीन कार्डचा अर्ज अडकला असेल तर एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढत जाईल. आमच्या मते याच दिलाशाने रांग लांबवली. घरी परत जायची वेळ येत नाही म्हणून आरडाओरडा होत नाही, आणि आरडाओरडा झाल्याशिवाय वॉशिंग्टनला ऐकू येत नाही.

एकदा मात्र झाला, तोही आपल्या पद्धतीने. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये नोकरीवाल्या जवळजवळ सर्वांना अर्ज भरायची मुभा दिली. लोकांनी रजा काढल्या, डॉक्टरी तपासण्या केल्या, वकिलांचे पैसे भरले. २ जुलैला खात्याने सांगितलं की नंबर संपले, अर्ज घेणार नाही. जून महिन्यात इमिग्रेशनच्या कचेऱ्यांनी सुमारे साठ हजार प्रकरणं झपाट्याने निकालात काढून वर्षाचे नंबर संपवले होते. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' नुकताच येऊन गेला होता. आपल्या लोकांनी गांधीगिरी केली: १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले! साहेबांनी ती फुलं वॉल्टर रीडच्या लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. हाऊसच्या इमिग्रेशन सबकमिटीच्या अध्यक्षा झोई लॉफग्रेन यांनी खात्याला जाब विचारला, वकील कोर्टात निघाले, आणि १७ जुलैला खातं माघार घेऊन १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारायला तयार झालं. कायद्यातलं एक अक्षर न बदलता हजारो घरांत नवरा-बायको दोघांना कामाची परवानगी मिळाली. धोरण काँग्रेसमध्ये होतं तसं कारकुनाच्या खिडकीतही होतं, ते असं.

काँग्रेसमध्ये पुढे दोनदा घास तोंडाशी आला. नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशवार मर्यादा काढण्याचं बिल नोव्हेंबर २०११ मध्ये हाऊसने ३८९ विरुद्ध १५ ने पास केलं. सिनेटमध्ये ग्रासली यांनी ते अडवलं आणि अडलेलंच राहिलं. जुलै २०१९ मध्ये हाऊसने पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास केलं. सिनेटमध्ये माइक ली एकमताने मंजुरी मागत होते. या पद्धतीत शंभरांपैकी एकाने 'नाही' म्हटलं की काम थांबतं. एकाची हरकत मिटवावी तर दुसरा उभा. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी मंजुरी मिळाली, पण तोवर इतके बदल झाले होते की ते बिल आणि हाऊसचं बिल वेगळी झाली. दोन्ही जुळवायला महिनाभर उरला होता. ३ जानेवारी २०२१ ला जुनी काँग्रेस संपली आणि तिच्याबरोबर बिलही. नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा 'श्रीगणेशा'.

हरकत घेणारे सगळे आपले शत्रू होते असं मात्र समजू नये. एकूण आकडा तोच ठेवून मर्यादा काढली तर आपली रांग कमी होते आणि इतर देशांतल्या नर्सेस, संशोधक यांची वाढते. आमच्याच प्रयोगशाळेतला इराणी सहकारी आणि आम्ही या बिलावर एका बाजूला नव्हतो, आणि त्याचंही म्हणणं चूक नव्हतं.

कायदा होत नाही तेव्हा राष्ट्राध्यक्ष नियमांच्या वाटेने जातात. एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी २६ मे २०१५ पासून मिळाली ती अशा नियमाने. त्यावर लगेच कोर्टात दावा झाला आणि पुढच्या सरकारने नियम मागे घेण्याची घोषणा केली. ती अमलात आली नाही, पण कित्येक घरांत काही वर्षं झोप नव्हती. याहून झटपट वाट म्हणजे जाहीरनामा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर्स लावले ते असेच, शुक्रवारी सही आणि रविवारपासून लागू. मधल्या शनिवारी सुट्टीवर भारतात गेलेल्यांची जी धावपळ उडाली ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा धावपळ सुरू झाल्यावर आला.

आणि नंबर असूनही वाया जातात. कोविडमुळे नातेवाइकांचे व्हिसे उरले, ते नियमानुसार २०२१ च्या आर्थिक वर्षात नोकरीच्या खात्यात आले आणि १,४०,००० चे सुमारे २,६२,००० झाले. कचेऱ्यांना तेवढं काम उरकलं नाही. ३० सप्टेंबरच्या रात्री साठ हजारांहून जास्त नंबर विरून गेले. त्याच रांगेत अशी मुलं होती की जी एकविसावा वाढदिवस झाला की आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात.

या लेखासाठी ज्येष्ठांशी बोलताना जाणवलं की १९६८ ते १९७५ च्या काळातली पत्रं, व्हिसाचे कागद, नोकरीची बोलावणी अजून काही घरांत ट्रंकेत आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांची झेरॉक्स पुढच्या कार्यक्रमाला आमच्याकडे द्यावी. मूळ कागद मात्र घरीच जपून ठेवावेत.